गोळी नको असेल तर : पतिपत्नींसाठी एक पाठ

वाचन : लूक १४:२८-३०, १ करिंथ ७:३-५

या महिन्याचा पाठ विवाहित दांपत्यांसाठी आणि लवकरच विवाह होणाऱ्या तरुणतरुणींसाठी आहे. रविवारच्या शाळेतील ज्या शिक्षकांकडे मोठ्यांचा वर्ग आहे त्यांनीही तो वाचावा, कारण असले प्रश्न पुष्कळदा पाळकसाहेबांच्या आधी त्यांच्याकडे येतात. विषय संततिनियमनाचा आहे आणि त्यातही एका नेमक्या प्रश्नाचा. ज्या बहिणीला हॉर्मोनची गोळी किंवा इंजेक्शन घ्यावयाचे नाही, तिने व तिच्या पतीने काय करावे? काही वाचकांना हा विषय या पानांवर नकोसा वाटेल. त्यांची क्षमा मागून आम्ही पुढे जातो.

आरंभ आमच्या एका चुकीपासून केला पाहिजे.

२०१८ च्या लेंतकाळात, बुधवारची प्रार्थनासभा आटोपल्यावर, आमच्या मंडळीतील एक तरुण बंधू मागे थांबला. बेळगावच्या एका फौंड्रीत तो कामाला, आठवड्याआड रात्रपाळी. पत्नी रविवारच्या शाळेत लहानांचा वर्ग घेणारी. पदरी दहा महिन्यांची मुलगी, तीही सिझेरियनने झालेली. गोळ्या सुरू केल्यापासून पत्नीचे डोके दुखते, मळमळते, आणि औषधांपेक्षा नैसर्गिक रीतीने राहावे असे तिला वाटते. शास्त्राची काही हरकत आहे काय, एवढेच त्याने विचारले. आमच्याजवळ ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा होता आणि उत्तर तयार होते. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, निसर्ग देवाने घडवला आहे, तेव्हा गोळ्या सोडा, कॅलेंडर बघून दिवस पाळा. शिवाय मूल अंगावर पिते आहे तोवर चिंता नाही. हे सर्व आम्ही चपला पायांत घालता घालता सांगितले.

जुलैमध्ये तिला दिवस गेल्याचे कळले. हिमोग्लोबिन सातवर आले होते. जानेवारीत, दिवस पुरे भरण्याआधीच, दुसरे सिझेरियन करावे लागले. पहिल्याला जेमतेम वीस महिने झाले होते. रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागल्या आणि बाळ अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिले. देवाच्या दयेने दोघेही वाचली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिची सासू आमच्या शेजारी बाकावर बसली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही शास्त्र सांगितलासा, पण दिवस कोण मोजणार होतं वो?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिचा मुलगा समोर भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “तीच मोजायची. मी कधी विचारलंच नाही.”

आमच्या मंडळीत मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक वृद्ध सिस्टरबाई आहेत. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे वही घेऊन जाऊ लागलो. हा पाठ बराचसा त्या वहीतून आलेला आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला विचारले, “हॉर्मोन नको, बरं. मग हॉर्मोनचं काम कोण करणार?”

प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. नेहमीची गोळी घेतली म्हणजे स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडत नाही. पती रात्रपाळीहून कधी आला, घरात भांडण होते की गोडी होती, तारीख कोणती होती, याच्याशी गोळीला कर्तव्य नसते. ती रोज घेतली की आपले काम करते. गोळी सोडली म्हणजे ते काम संपत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर येते. बहुतेक घरांत ते न बोलता पत्नीच्या अंगावर येते, आणि आमच्या सल्ल्याने त्या घरात तेच झाले.

गोळीविषयी अन्याय होऊ नये म्हणून दोन शब्द येथेच सांगतो. पस्तिशीपुढील धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया, रक्तदाब वाढलेला असणाऱ्या, पायांत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, डोळ्यांपुढे चमकून मग डोके धरते अशा स्त्रिया, यांना संयुक्त हॉर्मोनची गोळी डॉक्टर स्वतःच देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही पहिले सहा महिने ती सहसा देत नाहीत. पण पुष्कळ जणींना ती मानवते. अतिरिक्त रक्तस्रावावर ती औषध म्हणूनही दिली जाते आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका ती कमी करते, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. तेव्हा जी बहीण गोळी घेते तिला कमी विश्वासाची समजण्याचे पाप कोणी करू नये. ‘नैसर्गिक’ या शब्दाचीही थोडी पारख केलेली बरी. कण्हेरही नैसर्गिकच आहे. पपई खाऊन, कडुनिंबाचा रस पिऊन किंवा कोणा वैदूची पुडी घेऊन संतती थांबते, या समजुतीवर घर चालवू नये.

शास्त्र काय म्हणते, आणि काय म्हणत नाही

पवित्र शास्त्रात संततिनियमनावर सरळ आज्ञा नाही. कोणी उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायातील ओनानाकडे बोट दाखवतात. तेथील दोष आमच्या समजुतीप्रमाणे असा की, मृत भावाच्या विधवेला त्याने स्वीकारले, पण भावाचा वंश चालवण्याचे कर्तव्य कपटाने टाळले. तामारेचा उपभोग घेतला आणि तिला उघड्यावर सोडले. ज्याला या गोष्टीतून काही शिकावयाचे असेल त्याने पत्नीशी प्रामाणिकपणा शिकावा.

मंडळीचे मतही एकदम बनलेले नाही. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९२० साली कृत्रिम साधनांविरुद्ध कडक इशारा दिला होता. दहाच वर्षांनी, १९३० साली, त्याच परिषदेने १९३ विरुद्ध ६७ मतांनी काही अटींवर त्यांना मुभा दिली. पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याच वाटेने गेल्या. रोमन कॅथलिक मंडळीने १९६८ च्या पोपच्या पत्रकात फक्त दिवस पाळण्याची रीत ग्राह्य धरली. आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांशी या बाबतीत आमचे एकमत नाही, पण दिवस पाळण्याची विद्या त्यांच्याइतक्या कष्टाने आपण शिकलेलो नाही, हेही खरे. मेलबर्नच्या डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५० च्या दशकात या कामाला आरंभ केला, पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन त्यात आल्या, आणि दोघांनी जन्मभर हीच रीत शिकवली.

आपल्या मराठी मुलुखात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या मतांपायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, आणि ती नोकरी आपल्याच मिशनच्या विल्सन कॉलेजातील होती. हे आपण झाकून ठेवू नये. कर्व्यांची पुष्कळ मते आम्हांला मान्य नाहीत. पण थकलेल्या बाळंतिणींचा कैवार त्यांनी घेतला तेव्हा आपली माणसे दुसऱ्या बाजूला होती. गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९६० साली. म्हणजे कर्व्यांनी जे काही शिकवले ते सर्व हॉर्मोनविरहितच होते. आज ज्याला नवी जीवनशैली म्हणतात ती आपल्या आजीच्या काळची आहे.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू मनोरा बांधणाऱ्याची गोष्ट सांगतो. तेथे विषय शिष्यत्वाचा आहे, कुटुंबाचा नव्हे. तथापि आधी बसून खर्चाचा हिशेब करण्याची जी सवय त्या गोष्टीत आहे, ती येथे उपयोगी पडते. पौल करिंथकरांस लिहिताना म्हणतो की पतिपत्नींनी एकमेकांपासून दूर राहावयाचे ते दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरते. तेथे कारण प्रार्थनेचे आहे. पण त्याच ठिकाणी तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी त्या काळच्या पुरुषाला फार नवी वाटली असेल : पत्नीच्या शरीरावर जसा पतीचा, तसा पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे. दिवस पाळण्याचा विचार करणाऱ्या दांपत्याने ही तीन वचने आधी वाचावी आणि मग कॅलेंडर हाती घ्यावे.

दिवसांचा हिशेब

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर सुमारे एक दिवस जगते. पुरुषाचे शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यात खरे धोक्याचे दिवस सहाच्या आसपास. एवढे ऐकून पुष्कळांना हे काम सोपे वाटते. अडचण अशी की ते सहा दिवस कोणते हे पुढून मोजता येत नाही. स्त्रीबीज बाहेर पडते ते साधारणतः पुढची पाळी येण्याच्या चौदा दिवस आधी, आणि पुढची पाळी केव्हा येणार हे ती आल्यावरच कळते.

म्हणून जुन्या हिशेबात निदान सहा महिन्यांच्या पाळ्या लिहून ठेवतात. सर्वांत लहान पाळीच्या दिवसांतून १८ वजा करावे, सर्वांत लांब पाळीतून ११ वजा करावे. समजा, एका बहिणीची सर्वांत लहान पाळी २६ दिवसांची आणि सर्वांत लांब ३१ दिवसांची. तर पाळी सुरू झालेल्या दिवसापासून मोजून आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत तिने व तिच्या पतीने दूर राहावे. तेरा दिवस झाले. पाळीचे चार-पाच दिवस पुष्कळ घरांत तसेही वेगळे जातात. रात्रपाळीचे आठवडे धरले तर राहिले किती, हे फौंड्रीतल्या आमच्या बंधूने बोटांवर मोजून दाखवले होते. हा खर्च आधी सांगावा.

ज्यांची पाळी नेहमी २६ ते ३२ दिवसांत येते त्यांच्यासाठी याहून सोपी रीत अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात बसवली गेली : आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपावयाचे. तिच्यासाठी ३२ मण्यांची माळ असते. लाल मणी पाळीच्या पहिल्या दिवसाचा; रोज एक रबरी कडी पुढे सरकवावयाची; पांढऱ्या मण्यांवर कडी असेल ते बारा दिवस जपण्याचे. सिस्टरबाईंनी आम्हांला घरच्याच मण्यांची माळ ओवून दाखवली, ख्रिसमसच्या सजावटीतून उरलेल्या मण्यांची. या माळेचा मोठा गुण असा की ती खिळ्याला टांगता येते आणि पतीलाही दिसते. वर्षातून दोनदा जरी पाळी या मर्यादेबाहेर गेली तरी ही रीत त्या बहिणीसाठी नाही.

शरीराची लक्षणे पाहून दिवस ओळखण्याची रीत अधिक विश्वासाची, पण ती शिकावी लागते. बीज पक्व होण्याच्या सुमारास अंगावरून जाणारे पांढरे पाणी पातळ, निसरडे, अंड्यातील पांढऱ्या बलकासारखे ताणले जाणारे होते. बीज सुटल्यावर अंगाचे तापमान किंचित, सेल्सियसच्या पाव ते अर्ध्या अंशापर्यंत, वर चढते आणि पुढची पाळी येईपर्यंत वरच राहते. ते रोज पहाटे अंथरुणातून उठण्याआधी मोजावे लागते. ज्या घरात पहाटे पाणी येते आणि कळशा भरण्यासाठी धावावे लागते, तेथे हे कितपत साधेल ते त्या घराने ठरवावे. ताप आला, जागरण झाले, तर आकडे फसवतात. मोबाइलमधील पाळीची जी ॲप आहेत त्यांतील पुष्कळशी मागील तारखांवरून फक्त अंदाज बांधतात. ज्यांत लक्षणे भरली जात नाहीत त्यांना कॅलेंडराहून अधिक काही कळत नाही.

आता आकडे. काहीही न पाळणाऱ्या शंभर तरुण दांपत्यांपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस जातात. ऐन वेळी पतीने आवरण्याच्या रीतीत सुमारे २०. माळेच्या रीतीने, माणसे जशी वागतात तशी वागली तर १२. काटेकोर पाळली तर ५. पाणी आणि तापमान ही दोन्ही लक्षणे जे नीट शिकून न चुकता पाळतात त्यांच्यात एकाहूनही कमी. हा फरक मण्यांचा किंवा थर्मामीटरचा नाही. तो दोन माणसांच्या वागण्याचा आहे.

अंगावर पाजण्याविषयी आम्ही जे सांगितले ते अर्धेच खरे होते, आणि अर्धे खरे या कामात फार महाग पडते. अंगावर पाजल्याने संरक्षण मिळते, आणि ते शंभरात अठ्ठ्याण्णवांना मिळते. पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांहून लहान असले पाहिजे. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसली पाहिजे. बाळाला दिवसा व रात्री केवळ आईचेच दूध मिळत असले पाहिजे. तीनपैकी एक अट तुटली की संरक्षण संपले. आमच्या बहिणीची मुलगी दहा महिन्यांची होती, नाचणीचे सत्त्व खात होती आणि आईची पाळी एकदा येऊन गेली होती. तिन्ही अटी तुटल्या होत्या. आम्ही एकही विचारली नव्हती.

निरोध

सरकारने १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आणला आणि तेव्हापासून आपल्याकडे त्या वस्तूचे नावच ते पडले. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो, आशा कार्यकर्तीकडेही मिळतो. शरीरात काही जात नाही, दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, आणि लैंगिक रोगांपासून बचाव करणारे दुसरे साधन या यादीत नाही. नीट वापरला तर शंभरात दोघींना दिवस जातात. प्रत्यक्षात तेरा जणींना, कारण ‘आज राहू दे’ असे म्हटले जाते. आणखी एक कारण आपल्या घरांतले आहे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लागले की ते रबर कमजोर होऊन फाटते. पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला, उन्हात तापलेला किंवा मुदत संपलेला निरोध वापरू नये.

दिवस पाळणे आणि निरोध यांची जोडही घालता येते : जपण्याच्या दिवसांत निरोध, एरवी नाही. पुष्कळ दांपत्ये अशीच चालतात. पण मग चूक होते ती नेमकी धोक्याच्याच दिवशी, हे ध्यानात असू द्यावे. निरोध फाटला तर काय करावयाचे हेही आधी बोलून ठेवावे. बहात्तर तासांत घेण्याची जी गोळी औषधाच्या दुकानात मिळते ती हॉर्मोनचीच असते. हॉर्मोन अजिबात नको असेल तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते. मध्यरात्री घाबरून ठरवण्याच्या या गोष्टी नव्हेत.

तांबी

कॉपर टी ला आपल्याकडे बायका तांबी म्हणतात. प्लॅस्टिकच्या लहानशा टी वर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तांब्याचे सूक्ष्म कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे बीजाशी त्यांची गाठच पडत नाही. ‘ही गर्भपात करते काय?’ हा प्रश्न आम्हांला दरवर्षी विचारला जातो. तिचे मुख्य काम गर्भधारणेच्या आधीचे आहे. एवढ्यावर ज्याच्या विवेकाचे समाधान होत नाही त्याने दुसरे साधन निवडावे. त्याच्याशी वाद घालू नये.

सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मिळतात : ३८० ए, जी दहा वर्षे चालते, आणि ३७५, जी पाच वर्षे चालते. वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. काढली की मूल होण्यास अडथळा राहत नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, सिझेरियनच्या वेळीही बसवता येते, आणि अंगावरच्या दुधावर तिचा परिणाम होत नाही. हॉर्मोन नको आणि रोजचा हिशेबही नको अशा बहिणीला याहून चांगले साधन सुचवणे कठीण आहे.

तिचाही खर्च आहे. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त अधिक जाते आणि ओटीपोटात कळा येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. ज्या बहिणीचे हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ आहे तिने तांबीच्या आधी रक्त तपासावे, लोहाच्या गोळ्या घ्याव्या, आणि डॉक्टरांशी बोलावे. गर्भाशयात संसर्ग असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर तांबी बसवत नाहीत. पहिल्या पाळीनंतर पुन्हा दाखवून यावे. हे पुन्हा दाखवणेच आपल्याकडे राहून जाते. १९६५ पासून आपल्या देशात जो लूप बसवला गेला त्याची बदनामी झाली ती बरीचशी यामुळेच : शिबिरात बसवला, आणि रक्त जाऊ लागले तेव्हा विचारायला कोणी नव्हते.

सीमाभागातील वाचकांसाठी एक सूचना. आमच्याकडे दवाखान्यातील संमतिपत्र बहुधा कन्नडमध्ये असते, आणि कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या सुनांना कन्नड वाचता येत नाही. प्रसूतीच्या कळा सुरू होण्याआधीच ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे. बसवली की नाही आणि कोणती, हे कार्डावर लिहून मागावे.

‘सहेली’ या गोळीविषयीही विचारणा होते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. २०१६ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. रविवार आणि बुधवार धरले तर उपासना आणि प्रार्थनासभा यांबरोबर आठवण राहते, असे सिस्टरबाई हसून म्हणतात. हिच्यात हॉर्मोन नाही हे खरे. पण हॉर्मोन जेथे जाऊन काम करतो त्या जागेवरच ती परिणाम करते, तेव्हा ‘शरीरात औषध नको’ म्हणणाऱ्यांनी हिला निसर्ग समजू नये. हिने काहींची पाळी लांबते. बीजकोशात गाठी असणाऱ्यांनी किंवा नुकतीच कावीळ होऊन गेलेल्यांनी ती घेऊ नये.

पुरुषांची बाजू

ज्यांना आणखी मुले नको आहेत त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे, आणि तीही हॉर्मोनविरहितच आहे. वर सांगितलेल्या पाहणीतील दोन आकडे आम्ही आमच्या पुरुषांच्या सभेत फळ्यावर लिहिले होते. देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. ज्यांच्या पतींनी नसबंदी करून घेतली होती अशा ०.३ टक्के. फळ्याकडे बराच वेळ कोणी पाहिले नाही.

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ साली बसवली. जागा बधिर करून एक बारीक छिद्र पाडतात. पोट उघडावे लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी येतो. स्त्रीची शस्त्रक्रिया हिच्याहून मोठी व जोखमीची आहे. नसबंदीने पुरुषाची शक्ती जात नाही, आवाज बदलत नाही, वजन उचलता येईनासे होत नाही. एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते : पुढील तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि मग वीर्य तपासून घ्यावे, कारण आधीचे शुक्रजंतू मार्गात शिल्लक असतात. ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी.

१९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत जी सक्ती झाली तिची भीती जुन्या माणसांच्या मनात आहे, आणि ती भीती खोटी नव्हती. सक्तीने केलेली नसबंदी हा अन्याय होता. पण सासूने, नणंदेने आणि पतीने मिळून सुनेला टेबलावर पाठवणे, ही सक्ती नव्हे काय, एवढे आम्ही विचारतो.

फौंड्रीतल्या आमच्या बंधूने २०१९ च्या पावसाळ्यात नसबंदी करून घेतली. पत्नीला पुन्हा टेबलावर जाऊ द्यावयाचे नाही, असे त्याने स्वतःच ठरवले. आम्ही त्याला काही सुचवण्याच्या लायकीचे उरलो नव्हतो. चार दिवसांची रजा घेतली, पाचव्या दिवशी कामावर गेला, जड ओझी मात्र आठवडाभर उचलली नाहीत. आईने पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावला. मग तिनेच मुलाला खीर करून घातली. तीन महिन्यांनी तपासणीचा कागद आला तोवर पांढऱ्या-लाल मण्यांची माळ त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला होती, आणि रोज सकाळी कडी सरकवण्याचे काम तो करी.

वर्ग घेणाऱ्यांसाठी

हा पाठ एका बैठकीत उरकू नये. पहिल्या रविवारी बहिणींचा वर्ग वेगळा घ्यावा, एखाद्या परिचारिकेला किंवा आशा कार्यकर्तीला बोलवावे, आणि आपण बाहेर बसावे. पुरुषांचा वर्गही वेगळा घ्यावा. दुसऱ्या रविवारी दोघांना एकत्र बसवून करिंथकरांच्या पत्रातील वाचन करावे. अविवाहितांना घालवून देऊ नये. त्यांनीच हे आधी ऐकलेले बरे. औषध, तांबी किंवा शस्त्रक्रिया यांची निवड वर्गात करू नये, ती डॉक्टरांपुढे आणि दोघांनी मिळून करावी. एखाद्या घरात मूल होत नसेल तर त्या दांपत्याला आधी भेटून विषय सांगून ठेवावा, म्हणजे वर्गात त्यांना अवघड वाटणार नाही.

पुरुषांच्या वर्गात आरंभीच एकेक कोरा कागद वाटावा आणि पत्नीची मागची पाळी कोणत्या तारखेला आली ते लिहिण्यास सांगावे. कागद गोळा करू नयेत. आम्ही स्वतः प्रथम हा वर्ग घेतला तेव्हा आमचा कागद कोराच राहिला.